सोलापूर हा वेगळा बाजार धरा: केबल आणि डीटीएच वितरकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील केबल चालक, त्यांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपन्या आणि डीटीएच वितरक

प्रत माहितीसाठी: भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजेच ट्राय, नवी दिल्ली; जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय: करार तुटल्यावर बंद होणारे चॅनल, त्याची आगाऊ सूचना, बिलातील वजावट आणि ग्राहकाची पर्यायी सोय

सप्रेम नमस्कार.

ऐन मालिकेच्या वेळी चॅनलच्या जागी पाटी येते. घरचा माणूस आधी वायर हलवून बघतो, मग बॉक्स बंद-चालू करतो, मग केबलवाल्याला फोन लावतो. तिकडून उत्तर येते, ‘वरूनच बंद आहे.’ हे वर म्हणजे नेमके कुठे, ते कोणी सांगत नाही. सांगणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

त्या ‘वरून’मध्ये दोनच गोष्टी असतात: एक करार आणि एक दर. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे साऱ्या देशाने पाहिले. १ फेब्रुवारीपासून नवे दर लागू झाले, अनेक केबल कंपन्यांनी त्या दरांच्या करारावर सही केली नाही, आणि १८ फेब्रुवारीला स्टार, झी आणि सोनी या समूहांनी अशा कंपन्यांचा सिग्नल थांबवला. सुमारे साडेचार कोटी घरांना झळ बसल्याचे तेव्हा सांगितले गेले. पाच-सहा दिवसांत सह्या झाल्या आणि चित्र परत आले. वाद दोन्ही बाजूंनी समजण्यासारखा होता. त्या पाच-सहा दिवसांच्या वर्गणीचे काय झाले, एवढे मात्र कोणी समजावून सांगितले नाही.

तुम्ही भांडू नका, असे आमचे म्हणणे नाही. दर ठरवताना ओढाताण व्हायचीच. आमचे म्हणणे सोलापूरपुरते आहे, आणि ते पैशाच्या हिशोबापासून सुरू होते.

या धंद्यात पैसा दोन दिशांनी वाहतो. ज्या चॅनलला मागणी आहे त्याचे पैसे वितरक वाहिनीला देतो. ज्याला मागणी कमी आहे ते चॅनल उलट वितरकाला पैसे देऊन आत शिरते, आणि ही झाली कॅरेज फी. ट्रायच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांत साध्या चॅनलसाठी तिची कमाल मर्यादा ठरली, ती दर महिन्याला दर ग्राहकामागे २० पैसे. ही मर्यादा सरसकट नाही. वितरकाने जाहीर केलेल्या टार्गेट मार्केटमध्ये, म्हणजे ज्या भागातले ग्राहक एकत्र मोजायचे त्या भागात, ते चॅनल घेणारे ग्राहक ५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर पूर्ण दर. ५ ते १० टक्के असतील तर पाऊण, १० ते १५ असतील तर निम्मा, १५ ते २० असतील तर पाव. २० टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर काहीच नाही.

आता हा हिशोब सोलापूरला लावून पाहा. पूर्व भागात, दाजी पेठेत, साखर पेठेत, विडी घरकुलात तेलुगू चॅनल दिवसभर चालू असते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड लागते. पण मोठी केबल कंपनी ‘महाराष्ट्र’ हे एकच टार्गेट मार्केट जाहीर करते तेव्हा पुणे, नाशिक, नागपूर सगळे त्या भाजकात येतात आणि तेलुगू चॅनलचा टक्का पाचाच्या खाली जातो. समजा त्या मार्केटमध्ये २० लाख बॉक्स आहेत. वीस पैशांनी महिन्याला ४ लाख रुपये झाले. मधल्या फळीतले कन्नड किंवा तेलुगू चॅनल एवढे पैसे कशाला मोजेल? ते करार वाढवत नाही, आणि एक दिवस यादीतून गळते. पूर्व भागातल्या माणसाला मात्र सांगितले जाते, ‘त्याला मागणीच नाही.’

सोलापूर जिल्हा हेच टार्गेट मार्केट जाहीर केले, तर समजा ५० हजार बॉक्सवर तोच आकडा महिन्याला १० हजार रुपये होतो. त्यातल्या १० हजार घरांनी ते चॅनल घेतले की टक्का वीसवर पोहोचतो आणि फी शून्यावर येते. टार्गेट मार्केट राज्यापेक्षा मोठे नसावे एवढीच नियमाची अट आहे, त्याहून लहान करायला हरकत नाही. यात तुमचे कॅरेजचे उत्पन्न घटेल, हे आम्हालाही कळते. पण ज्या गावात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच बोळात ऐकू येते, त्या गावाची मागणी पुण्याच्या सरासरीत बुडवून मोजणे हा हिशोब नव्हे. (डीटीएचला हे जमणार नाही. त्यांचा एकच बीम साऱ्या देशावर पडतो. म्हणूनच हे काम केबलचे आहे, आणि तीच केबलची खरी जमेची बाजू आहे.)

दुसरी गोष्ट सूचनेची. त्याच नियमांनुसार करार असलेल्या दोन पक्षांपैकी कोणालाही सिग्नल तोडायचा असेल, तर कारण देऊन किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि वितरकाने तारखेच्या १५ दिवस आधीपासून त्या चॅनलवर पट्टी चालवून ग्राहकाला कळवायचे असते. पट्ट्या चालतात, पण कशा? इंग्रजीत, पडद्याच्या तळाशी, जाहिरातीच्या पट्टीखाली, आणि त्यात तारीख सोडून सगळे असते. वाहिनीची पट्टी सांगते, केबलवाल्याला फोन करा. केबलवाल्याची पट्टी सांगते, वाहिनीला जाब विचारा. ग्राहकाला दोन्हीकडून शिपाई म्हणून उभे केले जाते. आम्हाला हवी ती पट्टी एवढीच: ‘हे चॅनल अमुक तारखेला रात्री १२ पासून दिसणार नाही. कारण: दराचा करार संपला. तुमच्या बिलातून महिन्याला अमुक रुपये कमी होतील.’ मराठी चॅनलवर मराठीत, तेलुगूवर तेलुगूत, कन्नडवर कन्नडमध्ये. अक्षर मोठे, कारण वाचणारा पलंगावर दहा फुटांवर बसलेला असतो.

त्यातले ‘अमुक रुपये’ तुम्ही काढत नाही, म्हणून आम्ही काढून दाखवतो. समजा एका पॅकमध्ये पाच चॅनल आहेत आणि सुट्या दरांची बेरीज ६० रुपये होते. पॅकवर वाहिनीला जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देता येते, म्हणजे पॅक ३३ रुपयांना. त्यातले १९ रुपयांचे चॅनल बंद पडले. (पॅकमध्ये घालायच्या चॅनलला १९ हीच कमाल किंमत आहे.) ग्राहक म्हणतो १९ कापा, तुम्ही म्हणता पॅक तोच आहे, काही कापत नाही. दोघेही चूक. त्या चॅनलचा पॅकमधला वाटा काढायचा: १९ भागिले ६० गुणिले ३३, म्हणजे १० रुपये ४५ पैसे. वर १८ टक्के जीएसटी धरून १२ रुपये ३३ पैसे. सहा दिवस बंद राहिले तर साधारण अडीच रुपये. एका घराला अडीच रुपये म्हणजे कटिंग चहासुद्धा नाही. ५० हजार बॉक्सना गुणलेत तर सव्वा लाखाच्या जवळ जाते. ही रक्कम पुढच्या रिचार्जमध्ये वळती करा आणि एका ओळीचा एसएमएस पाठवा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला हे अवघड नाही, पॅकचे दर तुम्ही एका रात्रीत वाढवता तेव्हा तेच सॉफ्टवेअर चालते.

याच मुद्द्याला जोडून आणखी एक. ‘सुटे चॅनल सिस्टिममध्ये टाकता येत नाही, पॅकच घ्यावा लागेल’ हे उत्तर काउंटरवर देणे बंद करा. सुटे चॅनल मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. वाद चालू असतानाच त्याला त्याची खरी गरज पडते, कारण पॅक तुटतो तेव्हा त्यातले एखादे चॅनल तरी वाचवता येते.

आता तुमच्या लाइनमनसाठी. वाद आणि बिघाड यांतला फरक त्याला दाराशीच ओळखता आला पाहिजे, नाहीतर विनाकारण शिडी लावली जाते. एकाच समूहाची सगळी चॅनल बंद आणि बाकी सगळी स्वच्छ, तर तो करार. एकच चॅनल बंद आणि पडद्यावर सबस्क्राइब करा अशी सूचना, तर ते पॅकमधून गळले आहे किंवा बॉक्सला नवी परवानगी पोहोचलेली नाही. बॉक्स पाच-दहा मिनिटे त्याच चॅनलवर चालू ठेवा आणि कंट्रोल रूमला पुन्हा सिग्नल पाठवायला सांगा. वेगवेगळ्या समूहांची मिळून आठ-दहा चॅनल फुटत असतील, चौकोन पडत असतील, तर ते एका फ्रिक्वेन्सीवरचे दुखणे: बोळातला अॅम्प्लिफायर, स्प्लिटर, किंवा पाणी शिरलेला जोड. सगळेच काळे असेल तर वायर किंवा वीज.

डिशवाल्यांसाठी एक सोलापुरी ज्ञान. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सकाळी अकराच्या आसपास, काही मिनिटे ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाचे चित्र फुटते. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याचा गोंगाट एलएनबीत, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीत, शिरतो. ना वाद, ना बिघाड. हात लावू नका, चित्र आपोआप परत येते. आणि याचा उलटा फायदा घ्या: त्या वेळी गच्चीच्या ज्या कोपऱ्यावर ऊन पडते, त्या कोपऱ्यातून तो उपग्रह दिसतो. जिथे सावली आहे तिथे छत्री लावू नका.

९३.५ अंश पूर्व हे नाव आम्ही मुद्दाम घेतले. तिथे जीसॅट-१५ आहे आणि त्यावर दूरदर्शनची डीडी फ्री डिश चालते, २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली आणि महिन्याचे भाडे नसलेली. अमेरिकेत असा वाद झाला की लोक छतावर अँटेना लावतात, कारण तिथली स्थानिक स्टेशने आजही जमिनीवरून फुकट प्रक्षेपण करतात. आपल्याकडे तो रस्ता उरलेला नाही. दूरदर्शनने जमिनीवरचे अॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडे गुंडाळले. गच्चीवरची जुनी काड्यांची अँटेना आता कावळ्यांना बसायला. तेव्हा आपल्याकडे पर्याय म्हणजे फ्री डिश.

तुम्हाला ती शत्रू वाटते. आमचा सल्ला उलटा आहे: ती तुम्हीच लावून द्या. शिडी तुमच्याकडे, ड्रिल मशीन तुमच्याकडे, उपग्रह शोधायचा सॅटफाइंडर तुमच्याकडे. ज्या घरात केबल आणि फ्री डिश दोन्ही आहेत, तो माणूस वादाच्या आठवड्यात चिडून कनेक्शन सोडत नाही. तो रिमोटवरचे इनपुटचे बटण दाबतो आणि वाट पाहतो. जोडणीची मजुरी तुम्हाला मिळते ती वेगळीच.

साहित्य: ६० सेंटीमीटरची ऑफसेट छत्री (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली), युनिव्हर्सल एलएनबी (९७५० आणि १०६०० चा), आरजी-६ वायर, दोन एफ कनेक्टर, खांब, चार अँकर बोल्ट, आणि एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चालणारा बॉक्स. सगळे मिळून दोन हजारांच्या आतबाहेर. जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतो, पण एमपेग-४ मधली चॅनल त्यावर येत नाहीत. ग्राहक मग म्हणतो, ‘शेजाऱ्याकडे जास्त चॅनल कशी?’ बॉक्स घेण्याआधी टीव्हीची मागची बाजू बघा. बऱ्याच नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. आटे असलेला एफ प्रकारचा सॉकेट आणि त्यावर सॅट किंवा एलएनबी असे लिहिलेले दिसले, तर बॉक्सचा खर्च वाचला. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोचे २०२२ चे मानकही आहे.

सोलापूरसाठी दिशा: खऱ्या उत्तरेपासून १३४ अंश, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय. उंची ६१ अंश. छत्री ऑफसेट असल्यामुळे ती इतकी आकाशाकडे तोंड करून बसलेली दिसत नाही. छत्रीचा पत्रा साधारण ३५ अंशच वर बघतो, आणि नवखा माणूस तिथे गोंधळून ती आणखी वर उचलतो. नजरेवर जाऊ नका, ब्रॅकेटवरचा आकडा बघा. मोबाइलचे होकायंत्र वापरताना खांबापासून आणि लोखंडी टाकीपासून दोन मीटर दूर उभे राहा, नाहीतर ते वीस अंशसुद्धा खोटे बोलते. फ्लॅटमध्ये पूर्व किंवा दक्षिण बाजूची गॅलरी चालते. उत्तर-पश्चिमवाल्यांनी गच्चीच गाठावी. समोर इमारत आहे म्हणून घाबरू नका. उंची ६१ अंश असल्यामुळे छत्रीपेक्षा दहा मीटर उंच भिंत साडेपाच मीटरच्या आत असेल तरच आडवी येते. कडुलिंब मात्र बघून घ्या. उन्हाळ्यात दिसणारे चित्र पावसाळ्यात त्याची पालवी खाते.

सगळ्यात जास्त चुकते ते एलएनबीचे वळण. सोलापुरातून हा उपग्रह इतका तिरका आहे की एलएनबी सरळ ठेवून चालत नाही. छत्रीच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड करा आणि एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ४३ अंश फिरवा, म्हणजे जवळपास अर्धा काटकोन. तिथून पुढेमागे करत क्वालिटी बघा. गच्च्यांवर बंद पडलेल्या कंपनीच्या छत्र्या ढिगाने आहेत आणि त्या कामाला येतात. पण ८३ अंशांच्या उपग्रहावर लावलेली छत्री फ्री डिशवर आणायची तर ती २४ अंश पूर्वेकडे फिरवावी लागते, साडेसहा अंश खाली आणावी लागते, आणि एलएनबीही त्याच दिशेने आणखी २२ अंश वळवावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी सगळे करतात, तिसरी विसरतात, आणि मग अर्धा दिवस ‘उपग्रहच सापडत नाही’. ९५ अंशांवरची छत्री असेल तर काम सोपे: अडीच अंश दक्षिणेकडे, एक अंश वर. जुना एलएनबी कोणत्या पट्ट्याचा आहे ते माहीत नसेल तर त्याच्याशी झटापट न करता नवा बसवा. कंपनीचा जुना बॉक्स फ्री डिशला चालेल, ही आशाही सोडा.

बॉक्समध्ये ११०९० किंवा १११७० ही फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका आणि क्वालिटीची पट्टी बघा. स्ट्रेंग्थची नाही. एलएनबीला वीज मिळाली की स्ट्रेंग्थ नुसत्या गोंगाटावरही साठ-सत्तर दाखवते. छत्री दोन-तीन मिलिमीटर हलवा, हात काढा, दोन सेकंद थांबा, मग वाचा. बॉक्स उशिरा सांगतो, आणि घाई करणारा उपग्रहावरून दोनदा पुढे निघून जातो. बोल्ट आवळताना आळीपाळीने थोडे थोडे आवळा, कारण एकच बाजू घट्ट केली की छत्री अर्धा अंश सरकते. कनेक्टर बसवताना वायरच्या जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागला की बॉक्स एलएनबी शॉर्ट झाल्याचे दाखवतो. वायर भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथून ठिबकते आणि टीव्हीत उतरत नाही. पत्र्याच्या घरावर खांब पत्र्याला ठोकू नका. वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि चित्र त्याच्याबरोबर. शेजारच्या विटांच्या भिंतीला, किमान चार अँकर. आणि एलएनबीची पुढची टोपी दर उन्हाळ्यानंतर तपासा, सोलापूरच्या उन्हात ती तडकते आणि पहिल्याच पावसात पाणी आत जाते.

एवढे करून मिळते काय? डीडी सह्याद्री, कन्नडसाठी डीडी चंदना, तेलुगूसाठी डीडी यादगिरी आणि डीडी सप्तगिरी. ही सरकारी चॅनल असल्याने कोणाच्या करारावर अडत नाहीत. खासगी चॅनलचे तसे नाही. त्यांच्या जागा ई-लिलावात जातात आणि १ एप्रिलला यादी बदलू शकते. १ एप्रिल २०२२ ला मोठ्या समूहांची चार हिंदी मनोरंजन चॅनल फ्री डिशवरून एकदम उतरली होती. ग्राहकाला छत्री लावून देताना हे आधीच सांगा, आणि दर एप्रिलमध्ये बॉक्स पुन्हा एकदा स्कॅन करायला शिकवा. अर्धी ‘बंद पडलेली’ चॅनल नुसत्या स्कॅनने परत येतात.

इंटरनेटबद्दल थोडक्यात. मराठी बातम्यांची बहुतेक मोठी चॅनल यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचे ॲप काढले आहे. हिशोब एवढाच ठेवा की १ एमबीपीएसचे चित्र तासाला ४५० एमबी खाते. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर २ एमबीपीएसचे चित्र पाहिले तर दीड तास जेमतेम निघतो. घरात फायबर असेल तर हा प्रश्न नाही. विडी वळत दिवसभर टीव्ही चालू ठेवणाऱ्या घरात तो आहे.

उरते ते आपले गावातले चॅनल. सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, नंदीध्वजांची मिरवणूक, पाणी कोणत्या दिवशी येणार, हे ज्या वाहिनीवर दिसते ती कोणत्याच उपग्रहावर नसते. ती तुमच्या कंट्रोल रूममधून निघते आणि तुमच्या वायरनेच घरात येते. फ्री डिश लावा, डीटीएच घ्या, ती मिळणार नाही. म्हणजे वादाच्या काळात तुमच्याकडे टिकणारी एकच वस्तू ही आहे, आणि तिच्याकडेच तुमचे सगळ्यात कमी लक्ष असते. आवाज शेजारच्या चॅनलपेक्षा निम्मा, चित्राची रुंदी ताणलेली, आणि क्रमांक वर्षात दोनदा बदललेला.

३० नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी केबल कंपन्यांच्या स्वतःच्या चॅनलना, म्हणजे प्लॅटफॉर्म सर्व्हिसना, एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली. पण त्यातच जिल्ह्याच्या स्थानिक कार्यक्रमांसाठी प्रत्येक जिल्ह्यात दोन चॅनल जास्तीची दिली आहेत. नोंदणी चॅनलमागे एक हजार रुपये, चॅनलवर प्लॅटफॉर्म सर्व्हिस असे लिहायचे आणि ९० दिवसांचे रेकॉर्डिंग जपायचे. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याची ही दोन चॅनल पुरती वापरा. एक मराठीत. दुसऱ्यावर तेलुगू आणि कन्नड बातम्यांना वेळ ठरवून द्या. क्रमांक एकदा ठरवा आणि पाच वर्षे हलवू नका. आणि तेच चित्र यूट्यूबवरही थेट सोडा: एक जुना संगणक, एक कॅप्चर कार्ड आणि ५ एमबीपीएस अपलोडची लाइन एवढ्यात भागते. मग पुण्यात नोकरीला गेलेला सोलापूरकरही अक्षता बघेल.

जिल्हाधिकारी कार्यालयाला एकच विनंती. केबल कायद्याखाली अधिकृत अधिकारी म्हणून आपल्याकडे जी तक्रार येते, तिच्या अर्जात एक रकाना वाढवावा: ‘चॅनल कोणत्या तारखेपासून बंद, आणि आधी पट्टी दिसली होती का?’ सहा महिन्यांचे असे अर्ज एकत्र ठेवले की १५ दिवसांचा नियम सोलापुरात पाळला जातो की नाही, ते कागदावर दिसेल.

ट्रायला स्मरण म्हणून: कोणताही बॉक्स कोणत्याही सेवेवर चालावा, ही शिफारस आपणच एप्रिल २०२० मध्ये केली होती. ती अमलात आली असती तर फ्री डिशसाठी वेगळा बॉक्स घ्यावा लागला नसता.

मकरसंक्रांतीला यात्रा भरते. त्याआधी सोलापूर जिल्हा हे वेगळे टार्गेट मार्केट म्हणून आपापल्या संकेतस्थळावर जाहीर करावे आणि जिल्ह्याच्या दोन चॅनलचे क्रमांक कळवावेत. पट्टीचा मराठी, तेलुगू, कन्नड मजकूर हवा असल्यास आम्ही लिहून देऊ.

आपले,
सोलापुरात डिश, केबल आणि टीव्हीची कामे करणारे काही कारागीर